दहाच्या आत वग

चौथा ट्रक उसाच्या चारीत रुतलाय आणि स्टेजच्या फळ्या नेमक्या त्यातच आहेत. बाकीचे तीन दुपारीच देवळामागच्या माळावर येऊन लागलेत. त्यांच्या सावलीत तमाशाच्या फडातली माणसं आडवी झाली आहेत. कुणाच्या उशाला कपड्यांचं गाठोडं, कुणाच्या उशाला नुसता हात. काल रात्री ही मंडळी सोलापूर जिल्ह्यात होती. पहाटे निघून आता इंदापूर तालुक्यातल्या या नीरेकाठच्या गावात भर दिवसा झोपली आहेत. जत्रा कमिटीतला एक तरुण मोटारसायकलवरून दोनदा ट्रककडे जाऊन आलाय. तिसऱ्यांदा तो ट्रॅक्टरच घेऊन निघतो.

"फळ्या न्हाईत तर नाच काय ढेकळात करायचा?" जाता जाता तो मलाच विचारतो, जणू ट्रक मी घातला चारीत.

चाकाखाली पाचट टाकतात, साखळी लावतात, ट्रॅक्टर दोनदा पुढचं तोंड उचलतो आणि तिसऱ्या हिसक्याला ट्रक बाहेर येतो. पुढचं काम मात्र इतक्या झपाट्यानं होतं की बघत राहावं. लोखंडी नळ्या एकमेकींत बसतात, त्यांवर फळ्या पडतात, मागं पडद्याची दोरी ओढली जाते, दोन्ही अंगांना दिव्यांचे खांब उभे राहतात. कुणी कुणाला काही सांगत नाही. खुंट्यांवर घण घालणारा एक काटकुळा गडी आहे, अंगात बनियन, डोक्याला टॉवेल. रात्री हाच प्रधानजी होतो, असं मॅनेजर सांगतात. गाडी चालवणारा शिपाई होतो, स्वयंपाकातला एकजण झील धरतो. फडात नुसता एका कामाचा माणूस परवडत नाही.

या मोकळ्या जागेला गाव 'तमाशाचा माळ' म्हणतं. वर्षातले बाकीचे दिवस इथं उसाच्या ट्रॉल्या लागतात, पोरं क्रिकेट खेळतात, लग्नसराईत मांडव पडतो. पण नाव तमाशाचंच. पुण्यात गणेश पेठेत आर्यभूषण थिएटर आहे. मुंबईत लालबागला हनुमान थिएटर होतं. गिरणीतली पाळी संपवून कामगार तिथं तमाशाला जाऊन बसायचा. १९८२ च्या संपानंतर तो बसणारा माणूसच उठून गावाकडं गेला आणि पुढं थिएटरही बंद झालं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा रस्त्यावर उभं राहून माणसं रडली. वास्तूला नाव असतं, वय असतं, म्हणून तिच्यासाठी रडताही येतं. तालुक्याच्या गावांना असली वास्तू फारशी लाभली नाही. इथं थिएटर संध्याकाळी उभं राहायचं आणि सकाळी ट्रकात भरून पुढच्या गावाला जायचं. त्याला भिंती नव्हत्या, पण त्याच्याकडे अख्खी रात्र होती. आता त्या रात्रीचंच काय झालंय ते बघायला मी आलोय.

चैत्र आहे. भैरवनाथाची जत्रा. कारखान्यांची धुराडी थंड झालीत, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्यात, उसाचे पैसे हातात येतायत. जत्रा आणि फड याच दिवसांत का येतात हे इथल्या पाटाच्या पाण्यात शोधावं. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात पाणी फिरलं. पुढं वालचंदनगरला खाजगी साखर कारखाना उभा राहिला, मग माळेगाव, भवानीनगर इथं सहकारी. ज्या गावात पाणी गेलं त्या गावाची जत्रा मोठी झाली आणि मोठ्या जत्रेला मोठा फड लागतो. शेजारच्या गावापेक्षा आपला फड एका ट्रकानं तरी जास्त असावा, ही चुरस अजून तशीच आहे.

सुपारी ठरते नारायणगावात. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तिथं जाऊन बोलणी करतात. नारायणगाव जिल्ह्याच्या त्या टोकाला, जुन्नर तालुक्यात; हे गाव या टोकाला. कमिटीची दोन माणसं यंदा तिकडं जाऊन आली. तिथं काय काय विचारता, असं मी फडाच्या मॅनेजरना विचारतो. ते हसतात. "आम्ही कुठं इचारतो? त्येच इचारत्यात. पयला प्रश्न, पोरी किती? दुसरा, ट्रक किती? लायटिंग कसंय? अन् वग कंचा लावणार, हे इचारणारा म्हातारा दहा गावांत एक."

या गावात असा एक आहे. पांढरी टोपी, हातात काठी, कानात यंत्र. गाव त्यांना आण्णा म्हणतं. स्टेज उभं राहत असल्यापासून ते पुढच्या रांगेच्या जागी पोतं टाकून बसलेत. अजून चार तास आहेत म्हटल्यावर म्हणतात, "आमी दुपारपासनं जागा धरायचो. बैलगाड्या लावून. गाडीत आई, आत्या, न्हाई न्हाई, बाया न्हवत्या येत तमाशाला. बाया घरी. आमी गाडीत पाला टाकून निजायचो, वगाला उठायचो."

वगाला उठायचो. म्हणजे वग सुरू व्हायचा मध्यरात्रीनंतर आणि चालायचा तांबडं फुटेपर्यंत. 'मोहना-बटाव' हा पहिला वग १८६५ च्या सुमाराला उमा-बाबू सावळजकरांनी उभा केला असं मानतात. त्याआधी तमाशात गण, गौळण, लावण्या, सवालजवाब होते. वगानं त्यात गोष्ट आणली. राजा, प्रधान, फितुरी, वनवास. गोष्टीला वेळ लागतो, आणि वेळ गावाजवळ भरपूर होता.

उन्हं उतरतात तशी राहुट्यांत हालचाल सुरू होते. पुढं काय दिसतं ते लिहिण्याआधी बारामतीबद्दल सांगायला हवं. इथून ती फार लांब नाही, आणि या माळाचं एक जुनं टोक तिथं अडकलेलं आहे.

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. वाडा कसला, बुरुजांची गढीच. नाईक म्हणजे पेशव्यांचे सावकार आणि नातलग. त्यांच्या आश्रयाला मोरोपंत पराडकर राहिले, पुराण सांगत, आर्या रचत. जन्म १७२९, मृत्यू १७९४. आयुष्याचा मोठा भाग याच गावात गेला. त्यांच्या उतारवयात सोलापूरचा राम जोशी नावाचा शाहीर फड घेऊन बारामतीत आला. घर वैदिकाचं, भाऊ पुराणिक, आणि हा तमाशात गेला म्हणून घराबाहेर पडलेला. परंपरा सांगते की पंतांनी त्याची लावणी ऐकली आणि हा नुसता नाच्यांचा शाहीर नव्हे, कवी आहे, हे ओळखलं. पुढं राम जोशी पंतांच्या आर्या घेऊन कीर्तनाला उभा राहिला आणि त्या आर्या महाराष्ट्रभर पोचवण्यात त्याचा वाटा मोठा. ही गोष्ट सहसा राम जोशी कसा सुधारला, अशा अंगानं सांगतात. मला ती उलटी वाचावीशी वाटते. एक एक मात्रा मोजून ठेवणारा पंडित डफ-तुणतुण्याच्या जागी जाऊन ऐकत बसला, हे जास्त मोलाचं नाही का? ऐकायला गेले नसते तर ओळखलं कसं असतं?

या राम जोशींवर १९४७ साली राजकमलनं चित्रपट काढला, 'लोकशाहीर राम जोशी'. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. कथा-पटकथा आणि गाण्यांत ग. दि. माडगूळकर, वयाच्या अठ्ठाविशीत. त्यांचं नाव घरोघर गेलं ते या चित्रपटानं. आणि आज बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या आवारातलं जे मोठं सभागृह आहे त्याला नाव आहे गदिमांचं. नाव देताना राम जोशी कुणाच्या मनात असेल असं वाटत नाही. पण धागा आपोआप जुळलाय. ते सभागृह चांगलं आहे. खुर्ची मऊ, आवाज नीट, पडदा वेळेवर. गावात नटराज नाट्य कला मंडळ आहे, नाटकवेडी माणसं आहेत, त्यामुळं बारामतीकराला नाटकासाठी पुण्याची वाट धरावी लागत नाही. फड मात्र असल्या सभागृहाच्या वाट्याला जात नाही. फडाला माळ लागतो.

राहुटीत आरसा खांबाला टांगलाय. त्याच्या पुढं पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर पावडर, काजळ, गंगावन, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला दोन चित्रं चिकटवलेली. एक खंडोबाचं, दुसरं विठाबाई नारायणगावकरांचं, कुठल्याशा मासिकातून कापलेलं. विठाबाई भाऊ-बापू मांग यांच्या फडात वाढल्या, राष्ट्रपतींच्या हातून गौरवल्या गेल्या, २००२ मध्ये गेल्या. प्रयोग चालू असताना त्या पडद्याआड बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत फडातल्या प्रत्येक मुलीला पाठ असते. ट्रंकेची मालकीण पन्नाशीची आहे. सगळे तिला आक्का म्हणतात. ती वगात राणी होते आणि कधी मायही. चाळ बांधायचं तिनं दहा-बारा वर्षांपूर्वी सोडलं. आता एका पोरीच्या पायाला ती चाळ बांधतेय. आधी पोटरीवर कापडाची पट्टी गुंडाळते, मग घुंगरांचा पट्टा वरून खाली ओढून घेत जाते. पट्टा सैल राहिला तर घुंगरू कातडं सोलतं आणि फार आवळला तर पाय बधिर पडतो. पोरगी मोबाइलवर बोलतेय, पाय आक्काच्या मांडीवर.

"आज वग कोणता?" मी विचारतो.

"इचारा त्या बाहेरच्या घड्याळाला," आक्का म्हणते. "वग उभा ऱ्हायालाच तास जातो दादा. राजा मरायचा कधी, राणी रडायची कधी? लोक म्हंत्यात, आक्का, पंधरा मिन्टात रडून घ्या."

बाहेर हलगीवाला वाळल्या पाचटाचा छोटा जाळ करून हलगी शेकतोय. कातडं दिवसभराच्या घामानं आणि रात्रीच्या गारव्यानं मऊ पडतं. जाळावर धरून तो ती गोल फिरवतो, अंगठ्यानं टिचकी मारतो, ऐकतो, पुन्हा धरतो. पहिल्यांदा आवाज भद्द येतो, मग जरा कोरडा, आणि मग एकदम असा कडक की राहुटीमागं बांधलेलं कुत्रं उठून उभं राहतं. आजकाल प्लास्टिकच्या पानाची हलगी मिळते, तिला शेक लागत नाही. ती का घेत नाही म्हटल्यावर तो म्हणतो, "तिला काय आईबाप हाय का?" शेजारी ढोलकीवाला नट पिळून बसलाय. त्याची ढोलकी नटबोल्टाची आहे. याबाबतीत तो नव्या मताचा आहे, आणि हलगीवाल्याकडं बघून गालात हसतो.

साडेसातला पालखी निघते, छबिना वेशीपर्यंत जाऊन येतो. शोभेची दारू उडते. कमिटीच्या हिशेबानं तमाशा आठला सुरू व्हायचा आहे. परवानगीचा कागद अध्यक्षांच्या खिशात आहे आणि त्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहापर्यंत, असं लिहिलंय. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवण्यावर शिक्कामोर्तब केलं. वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. ते दिवस मोठ्या सणांत वाटले जातात. कुठल्या तरी भैरवनाथाच्या चैत्रातल्या रात्रीपर्यंत ते पोचत नाहीत.

तमाशाला परवानगीचं जाचणं नवं नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, अश्लीलतेच्या कारणावरून मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. कलावंतांनी दाद मागितली तेव्हा अटी घालून ती उठली आणि संहिता तपासणं सुरू झालं. आताच्या कागदात काय बोलावं याबद्दल अवाक्षर नाही. काळ बदलला तो एवढाच; तेव्हा शब्द मोजायचे, आता मिनिटं मोजतात. नियम वाईट असंही मला म्हणवत नाही. परवा याच गावात मिरवणुकीत डीजे लागला होता, त्यानं एका घराच्या खिडकीची काच गेली. डीजे ऐकलेला कुठलाही माणूस दहाच्या नियमाला हात जोडेल. पण डीजेला दहापर्यंतचा वेळ उरून पुरतो. वगाला तो सुरुवातीलाच अपुरा पडतो.

आठ वाजतात. माळ भरलाय. पुढं पोरं, मग माणसं, कडेला मोटारसायकलींवर बसलेले तरुण, आणि डाव्या अंगाला दोरी बांधून बायकांसाठी जागा. ती निम्मी भरलेली आहे. हा फरक आण्णांच्या तरुणपणात नव्हता. नीरेपलीकडं अकलूजला १९९३ पासून लावणी महोत्सव सुरू झाला, तिथं घरंदाज म्हणवणाऱ्या बायका उघडपणे लावणी बघायला बसल्या, आणि या भागातली बरीच भीड तिथं चेपली, असं माझं मत आहे.

फडाचे सरदार बोर्डावर येतात, पण गणासाठी नव्हे. सत्कारासाठी. कमिटी अध्यक्षांचा सत्कार, उपाध्यक्षांचा, सरपंचांचा, माजी सरपंचांचा. माजी राहिले असते तर माळ पेटला असता. शाल, श्रीफळ, फेटा. एक नेते येणार आहेत म्हणून दहा मिनिटं थांबणं होतं. ते येतात, दोन शब्द बोलतात, आणि ते दोन शब्द अर्धा तास चालतात. त्यांच्या भाषणात लोककला जपली पाहिजे, हे चारदा येतं. खुर्चीवर बसलेला पोलीस हवालदार घड्याळ बघतो. राहुटीच्या फटीतून आक्का घड्याळ बघते.

नऊला पाच कमी असताना ढोलकी वाजते.

आणि मग, खरं सांगायचं तर, तक्रार विसरायला होतं. ढोलकीवाला आणि हलगीवाला समोरासमोर उभे राहतात, मागं तुणतुणं आणि झांज. सुरुवात सावकाश. ढोलकीचा एक तुकडा, त्याला हलगीचं उत्तर. ढोलकी धुमेवर तळवा घासत एक लांब घुमारा काढते. हलगी त्यावर बारीक काठीनं वाळू पेरल्यासारखी वाजते. लय वाढते. मघाचा प्लास्टिक-कातड्याचा वाद आता हातांत उतरलाय. हलगीवाला एक अवघड तुकडा टाकून थांबतो आणि भुवया उडवतो. नटबोल्टवाला तो तुकडा जसाच्या तसा परत देतो, वर एक थाप जास्त. माळ ओरडतो. फेटे हवेत उडतात. आण्णांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलंय. याला ते लागत नाही.

गण होतो. सरदार ओळ टाकतात, झीलकरी मागून ती उचलतात आणि 'जी'चा सूर उंच धरून ठेवतात. दुपारी रस्सा ढवळणारा माणूस कानावर हात ठेवून इतका वर जातो की बोर्डावरचा दिवा थरथरतोय असं वाटतं. मग गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, पेंद्या, आणि मावशी. डोक्यावर पदर घेतलेला, मिशा नुकत्याच भादरलेला पुरुष. मावशी येताच हशा. ती म्हणते, दही घेऊन निघालो होतो, पण चारीत ट्रक रुतला. माळ एक क्षण थांबतो आणि फुटतो. दुपारी ट्रॅक्टर आणणारा तरुण हात वर करून सलामी घेतो. हे कुठल्या संहितेत नसतं. दुपारच्या झोपेतसुद्धा त्या माणसाचे कान गावाकडं होते.

बतावणी पाच मिनिटांत उरकतात. साडेनऊ वाजलेत आणि मोटारसायकलींकडून शिट्ट्या सुरू झाल्यात. रंगबाजी हवी. दिवे लाल-निळे होतात, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड पुढं येतात, ढोलकी मागं सरकते. चित्रपटातली गाणी एकामागून एक. पोरी मेहनतीनं नाचतात. घामानं काजळ उतरलंय तरी चेहरा हसता ठेवतात. बक्षिसं येऊ लागतात आणि प्रत्येक बक्षिसाला नाव पुकारावं लागतं. अमक्यांकडून शंभर, तमक्या ग्रुपकडून पाचशे, फर्माईश अमुक गाण्याची. नावं वाचण्यात गाण्याएवढाच वेळ जातो. हे बघून नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. फडाच्या डिझेलचा पैसा याच अर्ध्या तासातून निघतो, आणि पठ्ठे बापूरावांच्या काळातही पैसे फेकणारा माणूस समोर बसलेलाच होता.

दहाला दहा कमी. सरदार माइकवर सांगतात, "आता रसिक मायबापांसाठी वग."

राजा येतो. प्रधान येतो, तोच काटकुळा, आता मिशा आणि जरीचा अंगरखा. शत्रूनं वेढा दिल्याची खबर येते. राणीवर संशय घेतला जातो. राणी म्हणून आक्का पाऊल टाकते आणि माळाच्या पुढच्या भागातली कुजबूज थांबते. ती एक लांब वाक्य बोलते, श्वास न तोडता. दुसरं सुरू करते, आणि खुर्चीवरचा हवालदार उठून उभा राहतो. तो काही बोलत नाही. टोपी नीट करतो. अध्यक्ष मॅनेजरांकडं बघतात, मॅनेजर साउंडवाल्याकडं. सरदार बोर्डावरच राजाला म्हणतात, "महाराज, उरलेला न्याय उद्या सकाळी, देवळाच्या पारावर!" हशा होतो, टाळ्या पडतात, आरती होते. माळ रिकामा व्हायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मोटारसायकलींचे दिवे उसातून पांगत जातात. आण्णा पोत्यावरून उठत नाहीत. नातू त्यांना हाताला धरून उठवतो.

सकाळची हजेरी हा जुना रिवाज. रात्री कार्यक्रम केला त्या फडानं सकाळी गावापुढं, देवापुढं हजेरी द्यायची, मान घ्यायचा आणि मग गाव सोडायचं. दुपारी कुस्त्या. फार गावांतून हजेरी आता नावापुरती उरलीय. दोन गाणी, नारळ, चला. मी साडेआठला पारावर पोचतो तेव्हा पन्नास-साठ माणसं आहेत आणि जनरेटर ट्रकात चढलेला आहे. कायद्यानं आता माइक लावता येतो, पण लावायला तो खाली आहे कुठं?

म्हणून आक्का तशीच उभी राहते. चेहरा धुतलेला, साधी गोल साडी, डोळ्यांना चष्मा. राजा लुंगीवर. प्रधानजींच्या खांद्यावर कालचा टॉवेल. मागं ढोलकी, तुणतुणं आणि न शेकलेली हलगी, जरा भद्द वाजणारी. ती कालच्या दुसऱ्या वाक्यापासून सुरू करते, जिथं हवालदार उठला होता तिथून. आवाज देवळाच्या दगडी भिंतीवर जाऊन परत येतो आणि चौकाच्या पलीकडच्या ओट्यापर्यंत शब्द न शब्द पोचतो. माइकविना हे जमतं हे तिला माहीत आहे; ती मुद्दाम भिंतीकडं तोंड करून उभी राहिलीय. काल दोरीच्या आत न आलेल्या बायका आता दारांत येतात. एकीच्या हाताला पीठ आहे. वग पुढं सरकतो, फितुरी उघडी पडते, सोंगाड्या मधेच कालच्या भाषणातले दोन शब्द मोजून दाखवतो. आण्णा एका जागी आक्काच्या आधीच ओळ बोलून जातात. ती थांबते, त्यांना हात जोडते आणि म्हणते, "बाबा, मग तुमीच व्हा राणी."

पाऊण तासात राजाचा न्याय होतो. राणी रडून घेते, घाई न करता. मानाचा फेटा सरदारांच्या डोक्यावर, नारळ आक्काच्या ओटीत.

पुढची बोलणी पाराच्या कडेला, चहावर. ट्रॅक्टरवाला तरुण पुढच्या साली ऑर्केस्ट्रा आणायच्या मताचा आहे. शेजारच्या गावानं आणला होता, गर्दी दुप्पट झाली. अध्यक्ष मान हलवत नाहीत आणि नाकारतही नाहीत. आण्णा काठी आपटतात.

"रातच्याला आणा तुमचा आर्केस्ट्रा. हजेरीला ह्यास्नीच बोलवा. नुसत्या हजेरीचं काय घ्याल, मॅनेजर?"

"नुसत्या हजेरीला फड येतो व्हय आण्णा? चार ट्रक निघत्यात जाग्यावरनं."

"ट्रक कशाला? ह्या बाई, ती ढोलकी, अन् चार माणसं. एक जीप."

"अन् बाकीची माणसं त्या रात्री काय खात्याल?"

याला पारावर कुणाकडं उत्तर नसतं. तरुण म्हणतो, हजेरीचं वेगळं बघू, आधी रात्रीचं ठरवा. अध्यक्ष म्हणतात, मिरवणुकीतल्या डीजेचा खर्च कमी केला तर दोन्ही बसेल. यावर तरुण गप्प. मॅनेजर पिशवीतून वही काढतात आणि तिथी विचारतात. चैत्र वद्य अष्टमी. त्याच दिवशी करमाळ्याकडच्या एका गावाचं बोलावणं आहे, असं ते सांगतात. खरं असेल किंवा भाव वाढवायला असेल. तरी गावाचं नाव लिहून घेतात, पेन्सिलीनं. पेन खिशाला लावलेलं आहे, पण ते इसार हातात पडल्यावर.